इतर हक्कातली मंडळी

पुण्या-मुंबईहून कोकणात जमीन बघायला येणारा माणूस गाडीतून उतरतो तेव्हा जमीन त्याने आधीच बघितलेली असते. मनातल्या मनात. उतारावर हापूसची कलमं, मधोमध तळं, तळ्यात मासे, काठावर पक्षी, लांबून मोराचा आवाज आणि पडवीतल्या आरामखुर्चीत चहाचा कप घेऊन तो स्वतः. या चित्रात नाव ठेवण्यासारखं काही नाही. फक्त आंबे झाडावर राहतील, मासे पाण्यात राहतील आणि पक्षी काठावर बसून नुसते बघत राहतील, एवढं त्याने धरून चाललेलं असतं.

मग सातबारा हातात येतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर पिकांपेक्षा माणसं जास्त. निम्मे सहहिस्सेदार लालबाग-परळला, काही देवाघरी, एखादा ऑस्ट्रेलियात आणि एक असा, की तो आहे की नाही यावरच कोर्टात दावा चालू. वकील हे सगळं निस्तरतो. इतर हक्कांच्या रकान्यातलं कूळ, बँकेचा बोजा, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा, सगळं तपासतो. पण ज्यांची वहिवाट सगळ्यांत जुनी, त्यांची नावं त्या रकान्यात नसतात. वानर, लाल तोंडाचं माकड, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, वटवाघूळ, खंड्या, पाणकावळा. ही मंडळी खरेदीखतावर सही करत नाहीत, हरकत घेत नाहीत आणि ताबाही सोडत नाहीत.

रत्नागिरी आणि राजापूरच्या मधल्या एका वाडीत माझं घर आहे. आजूबाजूला अशी चित्रं घेऊन आलेले शेजारी दरवर्षी वाढताहेत. माणसं चांगली आहेत. दिवाळीला फराळ देतात, गणपतीत आरतीला येतात, आणि मोबाइलमधला पक्ष्याचा फोटो दाखवून ‘हा कोणता?’ विचारतात. आमच्याकडच्या अण्णांना विचारलं तर ते फोटो डोळ्यांपासून लांब धरतात आणि म्हणतात, “हा मासे खाणारा.” दुसरा फोटो. “हा पण.” अण्णांचं पक्षिशास्त्र दोनच शाखांचं आहे: मासे खाणारे आणि आंबे टोचणारे. ऐंशीच्या घरातल्या बागायतदाराला तिसरी शाखा लागलेली नाही.

आमच्याकडे जमीन म्हणजे बहुतेक जांभा कातळ. सुरुंग लावून खड्डा पाडायचा, दुसरीकडून माती आणून त्यात भरायची आणि कलम लावायचं. १० बाय १० मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी १००. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जांभा तो उदार मनाने खालच्या वाडीला देऊन टाकतो. शिमग्याच्या पालख्या नाचत असतात तेव्हा विहिरीच्या तळातले दगड मोजता येतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर साधा उपाय सांगितलेला आहे. कोकण जलकुंड. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्डा, आत प्लॅस्टिक. ४ हजार लिटर पाणी राहतं आणि उन्हाळ्यात कोवळ्या रोपांना तांब्या-तांब्याने घालून ती जगवता येतात. पण नव्या शेजाऱ्यांना हा खड्डा दाखवला की त्यांचा चेहरा पडतो. यात मासे कुठे राहणार? यात कमळ कुठे लावणार? आणि याच्या काठी आरामखुर्ची ठेवली तर शेजारी काय म्हणतील?

म्हणून मग शेततळं. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना काढली तेव्हा त्यातला सगळ्यांत मोठा आकार होता ३० बाय ३० बाय ३ मीटर आणि अनुदान होतं जास्तीत जास्त ५० हजार. घाटावर तीन मीटर खणायला जेसीबी लागतो. आमच्या कातळात तीन मीटर खणायला ब्रेकर लागतो, ब्रेकरला डिझेल लागतं आणि मालकाला रक्तदाबाची गोळी लागते. तळं झालं की आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर, नाहीतर जांभा आपल्या स्वभावावर जातोच.

तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ सोडतात. ही योजना मात्र खरोखर हुशारीची आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गिरणगावातल्या तीन मजली चाळीत तीन बिऱ्हाडं एकमेकांच्या स्वयंपाकघरात न डोकावता नांदावीत तशी ही व्यवस्था. शेण टाकलं की पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात, वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. पाच-सहा महिने सगळं ठीक चालतं. मग एके दिवशी आभाळ भरून राहतं, पाण्यातला प्राणवायू रात्रभरात उतरतो, आणि पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. नवा मालक आनंदाने फोटो काढतो. “बघा, माणसाळले! मला बघून वर आले!” अण्णा म्हणतात, “साहेब, ते तुम्हाला बघून आले नाहीत. त्यांना श्वास पुरत नाही. आधी पंप लावा, फोटो मागाहून काढा.”

मासे वाढू लागले की काठावर हजेरी लागते. पहिला येतो वंचक. चिखलाच्या रंगाचा हा बगळा इतका स्थिर उभा राहतो, की पहिले दोन दिवस मालकाला तो तळ्याबरोबर फुकट मिळालेला शोभेचा पुतळा वाटतो. मग निळा खंड्या. त्याचा एक सूर, एक बोटुकली. त्याच्यावर कोणी रागावत नाही, कारण तो फोटोत चांगला येतो. सौंदर्याला माफी असते हे पाण्याकाठीही खरं आहे. पाणकावळा काळा, ओला, पंख पसरून खांबावर वाळत बसलेला. खातो खूप, आणि दिसतो तर असा. त्यामुळे शिव्या सगळ्या त्याच्या वाट्याला. पाण्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या, चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या की पाणकावळे थोडे बिचकतात. बोटुकली जरा मोठी करून मगच सोडली, तळाशी जुने पाइपाचे तुकडे लपायला टाकले की नुकसान कमी होतं. ‘कमी’ हा शब्द नव्या मालकाला आवडत नाही. त्याला शून्य हवा असतो. तळ्यावर पक्षी यावेत म्हणून त्यानेच काठावर बांबूचे अड्डे रोवलेले असतात, आणि तेच पक्षी मासे खातात म्हणून तोच सकाळी शिट्ट्या मारत फिरतो.

आषाढात वेगळीच गंमत. पावसाने तळं भरून वाहतं. सांडव्याला जाळी लावायची राहिलेली असते, आणि रोहू-कटला पऱ्याने थेट खालच्या वाडीत जातात. त्याच सुमाराला नदीतून वर येणारे चढणीचे मासे धरायला वाडीतली झाडून सगळी पोरं पऱ्यात उतरलेली असतात. त्यांना त्या वर्षी चढणीबरोबर उतरणीचेही मिळतात. नव्या मालकाच्या घरी दुसऱ्या दिवशी झाकलेलं ताट येतं. “तुम्ही पाठवलेत, तर चव तरी बघा,” असा निरोप. खालच्या वाडीइतकं प्रामाणिक गाव मी पाहिलेलं नाही.

आता आपल्या राज्याच्या मानचिन्हांकडे वळू. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा. राज्यप्राणी शेकरू. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हाच राज्यप्राणी कोवळ्या नारळाला सुबक भोक पाडतो आणि पोखरलेलं फळ खाली सोडतो. राज्यपक्षी हरियाल. त्याचा मुक्काम वडा-उंबरावर आणि खाण्यातही ढवळाढवळ नाही. तो एक सज्जन म्हणायचा. २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हे राज्य फुलपाखरू झालं. राज्याला स्वतःचं फुलपाखरू असावं हे देशात सगळ्यांत आधी आपल्याला सुचलं. फुलपाखरू देखणंच आहे. पण त्याच्या अळ्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर वाढतात, आणि हौसेने लावलेलं कागदी लिंबू एका आठवड्यात काडी-काडी होतं. म्हणजे शासनाने सन्मानित केलेले दोघे आमच्याच कोकणात जेवायला, आणि त्यांच्यावर हात उगारला तर मी राज्यद्रोही. २०२३ साली राज्यमासा जाहीर झाला तेव्हा मला वाटलं, निदान हा तरी आपल्या तळ्यात येऊन काही भरपाई करेल. तर निघालं पापलेट. खारं पाणी सोडून ते इकडे कशाला येतंय?

मात्र हे सगळे किरकोळ वाटेकरी. मुख्य हिस्सेदार वरून येतो, फांद्यांवरून.

नव्या मालकाला वानर आणि माकड यांतला फरक कळायला एक हंगाम जातो. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, घरंदाज दिसणारं ते वानर. त्याचा जीव पाल्यावर, कळ्यांवर, मोहोरावर. पौषात मोहोर फुटला की ते टोळीने येतं आणि एप्रिलमधला आंबा डिसेंबरातच खाऊन टाकतं. लाल तोंडाचं माकड आकाराने लहान, पण अक्कल मोठी. ते मोहोराच्या नादी लागत नाही, फळाची वाट बघतं. फळ धरलं की एक तोडायचं, एक चावा, फेकायचं, दुसरं तोडायचं. एक आंबा घेऊन तो पूर्ण खाण्याची शिस्त त्याला कोणी लावलेली नाही. शेजारी म्हणतात, “अहो, भूक लागली तर खावं, पण नासाडी का?” हे वाक्य बोलणाऱ्याने लग्नातल्या बुफेच्या टेबलाखालचा डबा कधी बघितलेला नसावा.

राखणीला आता गावात माणूस नाही. म्हणून हंगामात नेपाळी येतात. दरवर्षी, हजारोंनी. बागेत झोपडी बांधून राहतात, बेचकी आणि पत्र्याचा डबा घेऊन पहाटेपासून फिरतात आणि दोन हंगामांत आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. हिमालयाच्या कुशीतून माणूस आणायचा तो आमच्या कलमांवर पहारा द्यायला, कारण आमच्या वाडीचा मुलगा गोरेगावात कोणाच्या तरी इमारतीच्या फाटकावर पहारा देत बसलेला असतो. या हिशेबात चूक नेमकी कुठे आहे ते अर्थशास्त्रज्ञांनी सांगावं. मला ती दरवर्षी दिसते आणि दरवर्षी सापडत नाही.

उपायांची यादी मोठी आहे. फटाके. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून उडवायची बंदूक. झाडावर बसवलेला खेळण्यातला वाघ. भोंग्यावर वाघाची डरकाळी. यातलं काहीही आठ दिवस चालतं. नवव्या दिवशी माकड वाघाच्या डोक्यावर बसून आंबा खातं. नव्या शेजाऱ्याने एकदा अण्णांना विचारलं, “काका, माकडांवर काही नैसर्गिक उपाय नाही का?”

“आहे की. बिबट्या.”

“तो कुठून आणायचा?”

“आणावा लागत नाही, येतो. पण तो आधी तुमचा कुत्रा खातो, मग माकडांचं बघतो.”

शेजाऱ्याने कुत्र्याला मुंबईला पाठवून दिलं. माकडं आहेत तिथेच आहेत.

त्यात धर्मसंकट. हनुमान जयंती येते चैत्र पौर्णिमेला, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. सूर्योदयाला मारुतीच्या देवळात जन्माचं कीर्तन, पाळणा, सुंठवडा. आठ वाजता तेच भक्त बागेत बेचकी घेऊन हजर. मी एकदा अण्णांना याबद्दल छेडलं. ते म्हणाले, “देवळातला एका जागी बसतो. बागेतला एका जागी बसला असता तर त्यालाही शेंदूर लावला असता.”

रानडुकरासाठी वेगळा प्रपंच. ते रात्री येतं आणि सुरण, कणगी, नुकतं लावलेलं रोप, सगळं मुळापासून वाचून काढतं. त्याच्या नाकात जावेत म्हणून सलूनमधले केस पोत्याने आणून बांधावर पसरतात. आमच्या नाक्यावरच्या सलूनवाल्याला आता केस कापण्याचेही मिळतात आणि कापलेल्या केसांचेही. कोणी जुन्या साड्या बांधून कुंपण करतं. बांधावरच्या काठपदरांवरून कोणत्या सुनेने कपाट आवरलं ते अख्ख्या वाडीला कळतं. सौर कुंपण त्यातल्या त्यात बरं. झटका बसतो, जीव जात नाही. पण काही महाभाग थेट विजेची तार सोडतात. तो गुन्हा आहे. त्या तारेला डुक्कर आणि रात्री बैल शोधायला निघालेला माणूस यांतला फरक कळत नाही. यावर मला विनोद सुचत नाही आणि सुचूही नये.

नुकसान झालं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो. पंचनामा होतो. एका वनरक्षकाकडे इतकी गावं असतात की तो येईपर्यंत अर्धा खाल्लेला पुरावा दुसऱ्या कोणीतरी पूर्ण खाल्लेला असतो. आल्यावर तो बिचारा विचारतो, “वानर की माकड?” चावलेल्या कैरीवरून हे सांगायचं म्हणजे दाताच्या डॉक्टरलाच पंच म्हणून बोलवायला हवं. कायद्यालाही ही मंडळी नीट कधी समजली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला ‘उपद्रवी’ प्राण्यांचं एक पाचवं परिशिष्ट होतं. त्यात कावळा, उंदीर आणि फळं खाणारं वटवाघूळ. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. पन्नास वर्षं वटवाघूळ सरकारी कागदावर उपद्रवी होतं, आणि त्या पन्नास वर्षांत रात्री हिंडून रानात झाडांच्या बिया पेरत होतं. आमच्याकडच्या माकडाचं नाव मात्र त्या यादीत कधी नव्हतं. याला म्हणतात वशिला. थेट रामायणापासूनचा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर भांडण माकडाशी नाहीच. जुन्या लोकांच्या आवारात गडग्याच्या कडेला रायवळ आंबे असत. आंबट, धाग्याचे, झाडाला हजारोंनी लागणारे. ते कोणी राखत नसे. जांभूळ, फणस, उंबर, करवंदीच्या जाळ्या होत्या. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेली घळ कोणी साफ करत नसे, आणि देवराईत कोयता न्यायची कोणाची छाती नव्हती. त्यांचं प्राण्यांवर फार प्रेम होतं असं समजू नका. आळस होता, देवाची भीती होती आणि थोडा व्यवहार होता. १९९० साली रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली. ओसाड कातळ हिरवे झाले, घरात पैसा आला, ते चांगलंच झालं. पण त्याच जोशात बऱ्याच डोंगरांवरचं मिश्र रानही साफ झालं आणि त्या जागी एका रांगेत हापूस आणि काजू उभे राहिले. रायवळ विकले गेले सरपणाला आणि पेट्यांच्या फळ्यांना. प्राण्यांचं स्वयंपाकघर आपण मोडलं आणि मग ते आपल्या स्वयंपाकघरात का येतात म्हणून ग्रामसभेत ठराव केला.

याचा अर्थ चार रायवळ लावले की माकड कृतज्ञतेने हापूस सोडून देईल, असं मुळीच नाही. शहरातून आलेले काही शेजारी असं समजतात आणि ‘पूर्वेकडची बाग त्यांची, पश्चिमेकडची आपली’ अशी वाटणी करतात. माकडाला मोजणीखात्याची खूण दिसत नाही. ते रायवळ खातं आणि मग तोंड गोड करायला हापूसवर येतं. फरक इतकाच पडतो, की येतं ते अर्ध्या पोटाने येतं. उंबर बारमाही फळत असेल तर हरियाल, बुलबुल, वटवाघळं तिथे अडकतात. गडग्यावर करवंद दाट वाढली तर डुकराला वाट शोधावी लागते. घराजवळच्या दोन-चार झाडांना जाळी टाकता येते, सगळ्या बागेला नाही. उरलेल्यातला काही वाटा जाणार, तो खर्चात धरायचा. तुडतुड्यांवरच्या फवारणीचा खर्च आपण मुकाट्याने धरतोच, दलालाची कटौतीही धरतो. दलालाला आजवर कोणी बेचकी मारल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा जमीन घ्यायची असेल तर जरूर घ्या. फक्त बघायला डिसेंबरात येऊ नका. तेव्हा सगळं हिरवं असतं, पऱ्याला पाणी असतं आणि दलाल पोह्यांवर ओलं खोबरं घालतो. मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी या. शेजारच्या विहिरीत डोकावून पाणी किती ते बघा. मग अण्णांसारख्या कोणालातरी गाठून विचारा, की इथे कोणाची टोळी आहे आणि ती किती वाजता येते. नेमकी वेळ सांगितली तर माणूस खरं बोलतोय. घळीतला पोटखराबा जेसीबीने सरळ करू नका, त्याचा शेतसारा लागत नाही. आणि तळं खणलंत तर कुंपणाच्या आधी एक काम करा. चारही बाजूंना काथ्याचे जाड दोर किंवा दोरीची शिडी आत सोडून ठेवा. प्लॅस्टिकवरून पाय घसरलेल्या जनावराला वर यायला दुसरा आधार नसतो. रात्री तुमच्या तळ्यावर कोण पाणी प्यायला येईल ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि सकाळी ते तरंगताना सापडलं तर त्या वेळी पंचनामा तुमचा होतो.